दिवसाच्या रंगातली ओदील

४ ऑक्टोबर, सोमवार

नवी वही. डॉक्टर म्हणाले, नेझूआजोबा, डोक्यात घोळतंय ते कागदावर काढा, झोप लागेल. मी म्हणालो, माझं शिक्षण लढाईत बुडालं, अवघड अक्षरं येत नाहीत. ते म्हणाले, वाचणार कोण आहे? तेही खरं. बायकोलासुद्धा दाखवायची नाही. सेत्सु वाचायला बसली की आधी चुका काढते.

आजपासून रोज लिहायचं. रोज चार हजार पावलं चालायचं. जुन्या गोष्टी उगाळायच्या नाहीत.

संध्याकाळी इसोगाईचा फोन. सत्तावीस वर्षांनी! कार्टूनच्या स्टुडिओत असताना हा सायकलवरून पाकिटं पोचवायचा, आता डीव्हीडीच्या कंपनीत साहेब आहे. म्हणाला, काका, आपली 'मिठागरातली ओदील' परत येतेय, एक्कावन्नच्या एक्कावन्न भाग, पेटीबंद. तेवीस नोव्हेंबरला वॉर्डाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. तुम्ही तपासनीस होतात, पाच मिनिटं बोला. आणि जुने सेल घरात पडले असतील तर द्या.

मी म्हणालो, माझ्या घरात एकही सेल पडलेला नाही.

कपाटाच्या वरच्या खणात अडतीस आहेत. पण ते पडलेले नाहीत, ठेवलेले आहेत. तेव्हा मी खोटं बोललो असं होत नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. पावलं दोनशे दहा, घरातल्या घरात.

सेत्सु म्हणते, अहो, तुमच्या त्या पेटीत काय कुजतंय? सगळ्या गाद्यांना व्हिनेगरचा वास लागलाय. मी तिला समजावलं. सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचं पान. पुढून रेघा, मागून रंग. ते जुनं झालं की आंबतं. ती म्हणाली, मग फेका. हे तिचं सगळ्यावरचं औषध आहे.

दुपारी साडेतीनला ओदील दिसली. संडासाकडे जाताना, बोळात. बोळात अंधार आणि ती लख्ख. निळा झगा, पांढरी टोपी, पायात लाकडी बूट, गुडघे पोटाशी घेतलेले. एका गालावर ऊन. बाहेर पाऊस पडत होता.

लिहूनच टाकतो, म्हणजे उगाळणं थांबेल. गोष्ट फ्रान्समधल्या कोणा बाईंच्या मुलांसाठीच्या पुस्तकातली. शेवटच्या भागात ओदील रात्री मिठागराच्या बांधावर बसून बापाच्या होडीची वाट बघते. समुद्र काळा, बांध काळा. आता आमच्याकडे प्रत्येक पात्राचे दोन रंगसंच असायचे. एक दिवसाचा, एक रात्रीचा. रात्रीचा म्हणजे सगळं निळसर, मळकट. त्या एका सीनमध्ये ओदीलला दिवसाचे रंग लागले. अडतीस सेल. रविवारी संध्याकाळी साऱ्या देशाने जेवता जेवता पाहिलं, की मिट्ट काळोखात एक पोर दुपारच्या उन्हात बसली आहे. लहान मुलं रडली म्हणे. चॅनेलने जाब विचारला.

चूक रंगवणाऱ्या बाईंची होती. हानावाबाई. घरी बसून रंगवायच्या. हे तेव्हाच लेखी ठरलेलं आहे. माझा काही संबंध नाही.

मग माझ्याच घरी का येते, हे मला कळत नाही. पत्ता चुकला असेल.

६ ऑक्टोबर, बुधवार

स्वच्छ ऊन. ती नाही.

उन्हात ती कधीच दिसत नाही. म्हणजे नसते असं नाही. उन्हात तिचे रंग बरोबर असतात, म्हणून ओळखू येत नाही. आज सेत्सु बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिच्या शेजारी उभी असेल तर? हा विचार आला आणि घाम फुटला. घामात बाहेर पडलं तर सर्दी होते. पावलं उद्या.

९ ऑक्टोबर, शनिवार

यंदाचं बावीस नंबरचं वादळ. चार वाजता संध्याकाळ झाल्यासारखं. सेत्सु स्वयंपाकघरात अरवीची सालं काढत होती, दिवा न लावता. टेबलाच्या पलीकडे ओदील. खुर्चीत नव्हे, खुर्चीच्या थोडी वर, बांधाच्या उंचीवर.

मी म्हणालो, दिवा लाव. सेत्सु म्हणाली, दिवसाढवळ्या? आपण काय जहागीरदार? मी धावत जाऊन बटण दाबलं. उजेड झाला, ती गेली.

सेत्सु बघतच राहिली. मग शेवटी सांगितलं तिला सगळं. तिने सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, येते तर येऊ दे, पण तिला सांगा, लाकडी बूट दाराशी काढत जा म्हणावं. चटया नव्या आहेत.

बायकांना भुताचं गांभीर्य नाही.

एक गोष्ट नोंदवायची राहिली. तो सीन झाला त्या काळात मला ताप होता. ३७.१.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

आज कायमचा बंदोबस्त करायचा ठरवून निघालो. देवळात बाहुल्यांचा विधी असतो. जुन्या बाहुल्यांवर मंत्र म्हणून त्या जाळतात, त्यांच्यातला जीव मोकळा होतो. बाहुलीचं होतं तर चित्राचं का नाही? हे कोणाला आजवर सुचलं नव्हतं, मला सुचलं.

तरुण महाराज होते, चष्मेवाले. पेटी उघडली आणि नाक बाजूला केलं. अडतीस पानं एकमेकांना चिकटून वडी झाली आहे. वरचं तेवढं दिसतं. त्यांनी विचारलं, नग किती? मी म्हणालो, मुलगी एक, पानं अडतीस. पापणी मिटते, उघडते, केस उडतात.

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, आजोबा, बाहुली असती तर मी एक जीव धरला असता. इथे चेहरे अडतीस. आता हे अडतीस जीव, की एकच जीव अडतीस वेळा? मोठ्या महाराजांना विचारायला हवं. आत जाऊन आले. मोठे महाराज झोपले होते. शिवाय म्हणाले, प्लॅस्टिक जाळायला वॉर्डाची बंदी आहे. मागच्या वर्षी एका आजींनी बोलणारी बाहुली आणली होती, धूर झाला आणि शाळेने तक्रार केली. मंत्र म्हणतो, सामान तुम्ही परत न्या.

मंत्र म्हटला. एकाचाच म्हटला की अडतीसांचा, विचारायचं राहिलं.

बसमध्ये पेटी मांडीवर. रेल्वेच्या पुलाखालून जाताना बसमध्ये क्षणभर अंधार झाला आणि शेजारच्या सीटवर ऊन पडलं.

मंत्राला गुण यायला वेळ लागत असेल.

१८ ऑक्टोबर, सोमवार

चार दिवस झाले. गुण नाही.

तिच्याकडे नीट पाहिलं आज. कपाटासमोर होती. पापणी खाली येते, वर जाते, टोपीची नाडी उडते, मान जराशी वळते. अडतीस पानं संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिला एवढंच येतं. तेवढंच तिला दिलं होतं. मी मोजत बसलो. एकोणिसाव्या पानावर ती माझ्याकडे बघते.

तापाचं लिहिलं होतं ते बरोबर, पण अपुरं. पाकिटात सेल घालून घरोघर पाठवायचे आणि पाकिटावर तपासनिसाने 'रात्र' असा शिक्का मारायचा, ही पद्धत. शिक्का नसला की बायकांनी दिवस समजायचा. त्या दिवशी शिक्क्याची शाई सुकली होती. शाई भरणं ऑफिसचं काम. माझं नव्हे.

२३ ऑक्टोबर, शनिवार

सहाला चार मिनिटं कमी असताना धरणीकंप. लांबलचक, होडीत बसल्यासारखा. कपाटाचं दार सरकलं आणि पेटी खाली आली, थेट माझ्या पायाशी. सेत्सु टीव्ही लावून बसली. निइगाताकडे घरं पडलीत, रस्ते तुटलेत.

मी म्हणालो, हे तिने केलं. सेत्सु म्हणाली, कोणी? मी म्हणालो, ओदीलने. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेटी उचलून दुसऱ्या खोलीत गेलो. म्हणाली, निइगातात माणसं गाडली गेली, आणि म्हणे, तुमची पेटी पाडायला एवढी जमीन हलवली.

बरोबर आहे तिचं. तरी पेटी पायाशीच का पडली?

२८ ऑक्टोबर, गुरुवार

इसोगाई घरी आला. केस पांढरे झाले, बडबड तीच. इंटरनेटवरचे कागद छापून आणले होते, चांगले बोटभर. म्हणाला, काका, ही मालिका लोक कशासाठी मागतात माहीत आहे? त्या एका सीनसाठी.

मी म्हणालो, कुठल्या?

बांधावरच्या. दिवसाच्या रंगातल्या.

मग वाचून दाखवलं त्याने. कोणी लिहितं, ती तेव्हा मेलेलीच होती, म्हणून या जगातला अंधार तिच्या अंगावर पडत नाही. कोणी लिहितं, बाप गेला त्या दुपारीच ती अडकून राहिली. एका बाईंची आई वारली तेव्हा त्या महिनाभर रोज तो सीन लावायच्या. एक प्रोफेसर म्हणतो, टीव्हीच्या इतिहासात अंधारात उजेड असा कोणी ठेवला नाही.

मी म्हणालो, इसोगाई, ती मेलेली नाही. पुढच्याच सीनमध्ये ती मासळीचं सूप पिते. दोन वाट्या. मी स्वतः तपासलेत. इसोगाई म्हणाला, काका, सूप कोणाला आठवत नाही.

तो गेला. सत्तावीस वर्षं मी ज्याला चूक म्हणतो ते इतिहासात आहे. मग हे केलं कोणी? शिक्का कोणी मारला नाही?

मी.

३० ऑक्टोबर, शनिवार

नीट आठवून पाहिलं. शाई सुकली नव्हती. शिक्का मी मुद्दामच मारला नव्हता. तेव्हा कारण सांगता आलं नसतं, कारण माझं शिक्षण कमी. पण हात शिकलेला होता. हाताला कळलं होतं, की या पोरीला काळोखात बसवू नये.

भाषणाला सुरुवात केली. सज्जनहो, असं पहिलं वाक्य झालं.

सेत्सुला वाचून दाखवलं. म्हणाली, पुढे? मी म्हणालो, पुढचं हृदयातून येईल. ती म्हणाली, हृदयातून याल तेव्हा दाताची कवळी लावून या, सज्जनहो नीट ऐकू येत नाही.

२ नोव्हेंबर, मंगळवार

भाषण सार्वजनिक स्नानगृहात म्हणून पाहिलं. गरम पाण्याच्या हौदात आवाज घुमतो, छान वाटतं. शेजारी कांदाबटाट्याचा दुकानदार होता. म्हणाला, नेझूकाका, मग त्या बाईला का घालवलंत? मी म्हणालो, कोणत्या? तो म्हणाला, आत्ता तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांनी रंगवणारणीला दोष दिला. सगळे म्हणजे कोण?

पाणी फार तापवतात तिथे. मला चक्कर आली, बाहेर आलो.

कपडे घालायच्या खोलीत, आरशाच्या कोपऱ्यात ती. आज मान वळली, पण पापणी मिटेना. एकोणिसाव्या पानावर अडकली होती.

१० नोव्हेंबर, बुधवार

घात झाला.

इसोगाईचा फोन. आनंदात. म्हणाला, काका, सापडल्या! हानावाबाई सापडल्या! कियोसेला राहतात, खणखणीत आहेत, त्यांचा सत्कार करू. मी विचारलं, कशाबद्दल? तो म्हणाला, कशाबद्दल म्हणजे? तो सीन त्यांनी केला ना. स्टुडिओच्या फायलीत तुमचं निवेदन मिळालं. 'दिवसाचे रंग लागण्याचे संपूर्ण कारण घरी रंगकाम करणाऱ्या हानावा किमिए.' खाली तुमचं नाव, तुमचा शिक्का. मोठं करून भिंतीवर लावतोय!

मी म्हणालो, ते चुकीचं आहे, ते मी केलं होतं.

तो हसला. म्हणाला, काका, तुम्हाला अक्षरं येत नव्हती म्हणून तुम्ही सांगितलंत आणि मीच तर लिहिलं. संपूर्ण हा शब्द तुम्ही दोनदा म्हणाला होतात.

या इसोगाईला सायकलच बरी होती.

ठराव: उद्याच कियोसेला जायचं. हानावाबाईंना भेटायचं. मोठ्या मनाने माफी मागायची, म्हणजे खरं काय ते त्या आपोआप सगळ्यांना सांगतील.

११ नोव्हेंबर, गुरुवार

सहा तांबूस पर्सिमन फळं घेऊन निघालो. ओइझुमीपासून कियोसे चार स्टेशनं. एका स्टेशनावर उतरून परत आलो. डब्यात कोणीतरी खोकत होतं, या वयात जपायला हवं.

सेत्सुने फळं कापली. गोड निघाली.

१३ नोव्हेंबर, शनिवार

नवीन सहा फळं. आज दोन स्टेशनं गेलो. परवा एक, आज दोन. प्रगती आहे. या वेगाने वेळेत पोचतो.

येताना फळं बाकावर विसरलो.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

तीन स्टेशनं. मग पलीकडच्या फलाटावर गेलो. जिन्याखाली सावली होती. ती तिथे बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होती. गाडी थांबे, दारं उघडत, माणसं उतरत, दारं मिटत. पापणी खाली, पापणी वर.

मी तीन गाड्या सोडल्या. तिच्यासमोरून गाडीत चढून घरी जायचं बरं दिसेना. कारण विचारलं तर मला सांगता येणार नाही.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

पाऊस. सेत्सु बहिणीकडे. घरात मी आणि ती. दिवा लावला नाही.

वही वाचून पाहिली पहिल्यापासून. कोणी वाचणार नाही म्हणतो आणि तरी कोणासमोर तरी बोलल्यासारखं लिहितो.

ताप नव्हता. शाई ओली होती. मुद्दाम तर काहीच नव्हतं. शिक्का मारायचा राहिला, एवढंच. रोज दोनशे पाकिटं असायची, कधी राहतो.

पण एवढंच नाही. सेल रंगून परत आले तेव्हा मी दिव्याच्या काचेवर ठेवून तपासले. पहिल्याच पानाला कळलं. दिवसाचे रंग. कॅमेऱ्याला द्यायला अजून वेळ होता. आम्ही सहाजण पुन्हा रंगवायला बसलो असतो तर उरकलं असतं. मी अडतीसच्या अडतीस पानं बघितली, एक एक, आणि पाकिटावर 'ठीक' असा शिक्का मारला. त्याचीही शाई ओली होती.

का, तर घरी जायचं होतं. घरी काही काम नव्हतं. नुसतं जायचं होतं.

मग जाब आला तेव्हा इसोगाईला सांगितलं, लिही, संपूर्ण कारण हानावा किमिए. बाईंकडे सायकल जायची बंद झाली. सेल कचऱ्यात जाणार होते, ते मी उचलून आणले. कोणी पुन्हा तपासू नये म्हणून.

लिहून झालं. वर पाहिलं तर ती होती तशीच. मला वाटलं होतं, खरं लिहिलं की जाईल.

२१ नोव्हेंबर, रविवार

गेलो. चारी स्टेशनं.

हानावाबाईंचं घर लहान आहे, दाराशी मुळे वाळत टांगलेले. बाई ऐंशीच्या आत असतील. दार उघडून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग दोन्ही हात वर केले. अगंबाई, सायकलवाले! या या! किती म्हातारे झालात!

मी म्हणालो, सायकलवाला तो इसोगाई. मी नेझू.

हो का, म्हणाल्या. चहा ठेवते. आठवलं नाहीच त्यांना. सत्तावीस वर्षं मी ज्यांच्या भीतीने या बाजूच्या गाडीत बसलो नाही, त्यांना माझं नाव माहीत नव्हतं.

मग मी चटईवर डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. शिक्का, काच, ठीक, निवेदन. डोकं टेकलेलंच होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. चहा ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, म्हणजे ते कडक तपासनीस तुम्ही? मला वाटायचं ते चांगले उंच असतील.

मग म्हणाल्या, पण तुम्ही लिहिलंत ते बरोबरच होतं की.

मी डोकं वर केलं.

म्हणाल्या, अहो, ती पोर बांधावर बसलीय, कागदावर मागे चंद्राची रेघ मारलीय, ती रात्र आहे हे आंधळ्यालासुद्धा कळेल. शिक्के तर तुमच्याकडून कितीदा राहायचे! दर वेळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करून विचारायची. त्या दिवशी नाही केला. दोन्ही रंगांच्या बाटल्या समोर होत्या. माझी धाकटी सहा वर्षांची, तापाने फणफणलेली, टेबलाखाली माझ्या पायाशी झोपलेली. म्हणाली, आई, हिच्याजवळ कोणी दिवा का नाही लावला? मी म्हटलं, लावते. आणि दिवसाची बाटली उघडली. म्हटलं, शिक्का नाही ना, मग आपल्याला कोण बोलणार!

हसल्या. एक दात सोन्याचा आहे.

मी विचारलं, मुलगी? तर म्हणाल्या, तिला काय धाड भरलीय, ओसाकात आहे, दोन पोरांची आई, फोनवर मलाच दटावते.

मी विचारलं, ओदील तुमच्याकडे कधी येते का?

कोण? नाही बाई. ती कशाला येईल? मी तिला उजेडात बसवली होती.

मी चहा प्यालो. काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी खोटं बोललो असं इतकी वर्षं समजत होतो. ते निवेदन खरं निघालं. मी केलं म्हणून जे मिरवणार होतो, तेही मी केलं नव्हतं. माझ्या हातात उरलं काय? मी बाईंना तसं म्हणालो, की म्हणजे बघा, मग माझं काही चुकलंच नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाहीत, तेवढं चुकलं. विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. रंगाच्या बाटल्या झाकून, ब्रश धुऊन अकरा दिवस खिडकीत बसले. पावसाळी दिवस होते. सायकलची घंटा वाजली की उठायची. तो दूधवाला असायचा. बाराव्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. पगार जास्त होता तिथे, तक्रार नाही. पण मला कोणी सांगितलंच नाही हो, की आता येणार नाही.

दाराशी निरोप देताना एक मुळा बांधून दिला.

२२ नोव्हेंबर, सोमवार

पेटी इसोगाईला देऊन टाकली. तो म्हणाला, काका, नाहीत म्हणाला होतात ना? मी म्हणालो, सापडले. तो म्हणाला, तुमच्या पाच मिनिटांचं काय करू? मी म्हणालो, बोलतो. एकच वाक्य आहे: त्यांना कोणी विचारलं नाही, आणि तो कोणी म्हणजे मी. अनेकदा म्हणून पाहिलं. कवळी लावून. स्पष्ट ऐकू येतं.

२३ नोव्हेंबर, मंगळवार. सुट्टी.

हॉल भरलेला. हानावाबाई जांभळ्या किमोनोत. टेबलाखालच्या तापलेल्या पोरीची आणि दिव्याची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा मागच्या रांगेत धडधाकट पुरुष रडत होते. नंतर टाळ्या थांबेनात. सह्या, फोटो. त्यात वेळ गेला. इसोगाई धावत माझ्याकडे आला, म्हणाला, काका, हॉल पाचला सोडायचा आहे, तुमची पाच मिनिटं राहू देत ना?

मी म्हणालो, राहू दे.

किती चटकन म्हणालो! त्याने वाक्य पुरतं संपवायच्या आत.

सेल काचेखाली ठेवलेत, वर चार दिवे सोडलेत. सगळीकडून उजेड. खाली पाटी: रंगकाम, हानावा किमिए. त्याखाली बारीक अक्षरांत: सेल जपून ठेवल्याबद्दल आभार, नेझू तोकुजी, ओइझुमी. सेत्सु म्हणाली, जपून! आणि गाद्यांचा वास कोण जपणार?

निघताना हानावाबाईंनी लांबून हात केला. मलाच, की माझ्यामागे इसोगाई होता त्याला, कळलं नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस ती नाही. बोळात नाही, जिन्याखाली नाही, कपाटापाशी नाही. वासही गेला. चला, सुटलो. आता माणूस निवांत झोपेल.

झोप लागत नाही.

आज दुपारी खिडक्यांच्या लाकडी फळ्या लावून घेतल्या, पडदे ओढले, बोळाचं दार लोटलं. चांगला अंधार झाला. चटईवर बसलो, गुडघे पोटाशी घेऊन, कारण पाठ दुखते. अर्धा तास. मग आणखी थोडा वेळ. बाहेर सायकलची घंटा वाजली, मी उठलो. पोस्टमन होता, शेजारच्यांकडे.

सेत्सु बाजारातून आली. अंधारात मला बघून दचकली. म्हणाली, अहो, असे का बसलात? कोणाची वाट बघताय?

मी म्हणालो, कोणाची नाही. डोळे तपासतोय.

काहीच दिसलं नाही. म्हणजे डोळे ठणठणीत आहेत.